बुडबुडा मध्यावर

आगीतून गारवा काढणं हा माणसाच्या हातून घडलेला सर्वांत थोर पराक्रम आहे. चंद्रावर काय, कोणीही जाऊन येतं.

हे वाक्य वेंडेल स्टेनरुडने गेल्या एकतीस हिवाळ्यांत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात निदान हजार वेळा उच्चारलं होतं, आणि एप्रिलमधल्या त्या सकाळीही उच्चारलं. फरक इतकाच, की या वेळी त्याच्या हातात लोण्याची वाटी होती आणि तो लोणी चमच्याने ओतत होता.

ऐकायला एकटी आर्लिस होती. बावन्न वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या कुठल्या वाक्याला मान डोलवायची आणि कुठल्याला नाही, याचा तिचा निवाडा कधीच होऊन गेला होता. तिने आपली बशी पुढे सरकवली.

"थोर पराक्रम इकडेही वाढ थोडा."

बशीत तिनेच केलेले पॅनकेक होते. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला कागदासारखे पातळ. या हिवाळ्यात तिचे सगळेच पॅनकेक असे होत होते, आणि तुझा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, असं वेंडेलने तिला प्रेमाने दोनतीनदा सांगूनही झालं होतं.

वेंडेलचा धंदा ट्रेलरमधले गॅसचे फ्रीज दुरुस्त करण्याचा. थंडी पडली की उत्तरेकडचे हजारो म्हातारे-म्हाताऱ्या आपापली चाकांवरची घरं ओढत या वाळवंटात उतरतात. तिथे वीज नाही, नळ नाही, शेजाऱ्याची भिंत नाही. मार्चपर्यंत उन्हात खुर्च्या टाकून बसायचं आणि फोन न करणाऱ्या मुलांची तारीफ करायची. त्यांचं दूध, मांस आणि औषधं गार ठेवायचं काम फ्रीजच्या पाठीमागे जळणारी अंगठ्याएवढी निळी ज्योत करते. ज्योतीने नळ्यांमधल्या पाण्यातला अमोनिया उकळून वर चढतो, वर निवतो आणि उतारावरून आपल्या वजनाने खाली येता येता फ्रीजमधली उष्णता सोबत घेऊन जातो. पंप नाही, मोटार नाही, आवाज नाही. अट एकच. उतार बिघडता कामा नये, म्हणजेच ट्रेलर सरळ उभा पाहिजे. कलला, की आतलं पाणी जागच्या जागी उकळत बसतं, नळ्या आतून करपतात आणि एक दिवस पाठीमागे पिवळी पूड सांडलेली दिसते. पिवळी पूड दिसली की आटोपलं.

म्हणून वेंडेल कोणाच्याही दारात गेला की नमस्काराआधी खिशातून पाणसळ काढायचा. काचेच्या नळीतल्या पाण्यात बुडबुडा, बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये असला तर सरळ. तान्ह्या मुलालाही कळेल असं ते हत्यार. "बुडबुडा बघितला होता का?" हा त्याचा पहिला प्रश्न. एका निवृत्त न्यायाधीशाला त्याने बायकोदेखत विचारलं होतं, की जन्मभर निवाडे सरळ दिलेत ना, मग गाडी अशी कशी लावलीत? न्यायाधीशाने निमूट फळी आणून चाकाखाली घातली. त्या दिवसापासून सगळं वाळवंट वेंडेलला 'बुडबुडा' म्हणे. त्याला ते आवडत असे.

मार्चमध्ये आर्लिसची साखर चढली. इन्सुलिन ती वेळच्या वेळी टोचत होती, तरी चढली. इतकी, की एका दुपारी ती खुर्चीत बसल्या बसल्या वेंडेलला त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. चार दिवस ती हॉस्पिटलात होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, इन्सुलिन कुठे ठेवता? फ्रीजमध्ये. आणि फ्रीज गार असतो का? वेंडेलला हा प्रश्न इतका लागला, की तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

त्या संध्याकाळी एकटाच ट्रेलरवर परतल्यावर त्याने फ्रीजच्या खालच्या खणात तापमापक ठेवला. एकाहत्तर अंश फॅरनहाइट. त्या आकड्यावर माणसं राहतात, हिवाळाभर साठवलेलं इन्सुलिन राहत नाही.

हॉस्पिटलातून तिला घेऊन येताना ट्रकमध्येच त्याने निदान सांगून टाकलं.

"तू दार उघडं ठेवतेस. उघडतेस आणि विचार करत उभी राहतेस."

आर्लिस खिडकीबाहेर बघत होती. "असेल," ती म्हणाली.

मग हेच निदान त्याने फोनवर मिनेसोटात दुलुथला राहणाऱ्या मुलीला, म्हणजे कर्स्टिनला, सांगितलं. चार वाजता वाळवंटात खुर्च्यांचं कडं जमायचं, तिथे सगळ्यांना सांगितलं. यंदा कड्यात या दोघांच्या सोडून सोळाच्या अकरा खुर्च्या उरल्या होत्या. अकरा जणांनी आर्लिसकडे पाहिलं आणि आर्लिसने आपल्या चपलांकडे. फ्रीज एकोणीस वर्षांचा झालाय, त्यात ही अशी दार उघडून उभी, मग दुसरं काय होणार, असं वेंडेलचं म्हणणं होतं. फ्रीजच्या पाठीमागची, ट्रेलरच्या बाहेरून उघडणारी जाळी मात्र त्याने उघडून पाहिली नव्हती. ज्याने लोकांच्या हजारभर जाळ्या उघडल्या, त्याला ही एक उघडायला महिनाभर सवड झाली नव्हती.

कर्स्टिनने दोन पर्याय ठेवले. आईबाबांनी दुलुथला लिफ्ट असलेल्या इमारतीत राहायला यावं, नाहीतर ट्रेलरमध्ये घरासारखा, भिंतीत पिन खोचायचा फ्रीज बसवावा. बाबा, तुमच्या ज्योतीवर आईचा जीव टांगून ठेवायचा नाही आता, असं ती शेवटी म्हणाली. आर्लिसने फ्रीज निवडला. दुलुथच्या लिफ्टमध्ये गाणी लागतात, हे कारण दिलं.

पण घरगुती फ्रीज म्हणजे वीज, आणि वीज म्हणजे मोकळं वाळवंट सुटलं. मोठ्या बॅटऱ्या आणि छपरावर सौरऊर्जेच्या काचा लावून जमवणारे जमवतात. वेंडेलचा ट्रेलर एवढं वजन पेलायच्या वयाचा उरला नव्हता, आणि चालवणाराही. म्हणून ते दोघे गावालगतच्या मेस्किट बेंड नावाच्या पार्कात आले. खडीची जागा, विजेचा खांब, खांबावर आकडा एकेचाळीस. चाकाखाली फळी घालून, बाहेरच्या कोपऱ्यावर चिकटवलेल्या छोट्या पाणसळीत वाकून बघून वेंडेलने नेहमीप्रमाणे जाहीर केलं, "मध्यावर."

आर्लिस तेव्हा बिछान्यावर तिसरी उशी रचत होती. तिचं हृदय तर बिघडत नाही ना, अशी शंका वेंडेलच्या मनात त्या तिसऱ्या उशीने सोडली होती. तो स्वतः कंबरेमुळे दोन वर्षं आरामखुर्चीतच झोपे.

त्या पॅनकेकच्या सकाळीच रुबेन ओचोआ नऊच्या सुमाराला आला. सोबत त्याचा मेहुणा चुय, जो बोलत नसे, आणि टेम्पोत पुठ्ठ्याच्या खोक्यातला पांढरा फ्रीज. रुबेन आता पन्नाशीला आला होता. गॅसच्या फ्रीजचं काम तो वेंडेलच्या हाताखाली शिकला आणि गेल्या दोन वर्षांत तेच फ्रीज उपटून घरगुती बसवण्याचा त्याने धंदा मांडला. या हिवाळ्यात त्याने सदतीस उपटले होते. वेंडेल त्याला खाटीक म्हणे. दोन हिवाळे त्याच्याशी बोलला नव्हता. गेल्या आठवड्यात शेवटी वेंडेलनेच फोन केला. रुबेनने मागचं काही काढलं नाही, फक्त विचारलं, खिडकी किती रुंद आहे. ट्रेलरच्या दारातून फ्रीज जात नाही. कारखान्यात आधी फ्रीज ठेवतात आणि मग भोवती भिंती उभ्या करतात. काढायचा तर खिडकी काढावी लागते.

वेंडेलने आर्लिसला शेजारच्या बाईकडे नेऊन बसवलं. इन्सुलिनची डबी महिनाभर बर्फाच्या पेटीतच होती; त्याच पेटीत दूध, अंडी घालून पेटीही तिच्यासोबत गेली.

"मास्तर, तुम्ही सावलीत बसा," रुबेन म्हणाला. "ऊन चढतंय."

"माझ्या फ्रीजचा गॅस मी बंद करणार."

रुबेनने पाना त्याच्या हातात दिला. वेंडेलने टाकीची चावी फिरवली. नळीचा नट त्याने बोटांनी चाचपून शोधला आणि सोडवला. पितळी टोपी मात्र नळीच्या तोंडावर दोनदा बसता बसता निसटली. रुबेनला नेमकं तेव्हा टेम्पोत काहीतरी आठवलं आणि तो बराच वेळ तिकडे पाठ करून उभा राहिला. टोपी बसल्यावर वेंडेलने साबणाचं पाणी लावलं. फेस आला नाही. गॅस बंद.

सप्टेंबरात उत्तरेतल्या डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि डाव्यात तो पिकलाय. वसंतात बघू, असं वेंडेल म्हणाला होता. धुकं तेवढं असतंच.

मग तिघांनी खिडकी उतरवली आणि फ्रीज पुढे ओढला. तो एकोणीस वर्षांत पहिल्यांदा जागचा हलला आणि कोणी दाढ उपटावी तसा आवाज करून बाहेर आला. पाठ दिसली. खालपासून अर्ध्या उंचीपर्यंत पिवळी पूड होती; फरशीवर, भिंतीवर, कोपऱ्यात मेलेल्या एका पतंगावरसुद्धा. चुयने टोपी काढली.

वेंडेल वाकला. पूड त्याने बोटाने उचलली, डोळ्यांपाशी नेली, आणि बोट विजारीला पुसलं. एवढी पूड दार उघडं ठेवून पडत नाही, हे त्या ट्रेलरमधल्या तिघांनाही माहीत होतं. तिसऱ्याला तर हे दुसऱ्याने आणि दुसऱ्याला पहिल्याने शिकवलं होतं.

रिकामा झालेला कोनाडा रुबेनने झाडला. मग सवयीने हातभर लांबीची पाणसळ काढून फरशीवर ठेवली. घरगुती फ्रीजला तिरकं-वाकडं सगळं चालतं, पण पाणसळ ठेवल्याशिवाय हातातला पेच फिरवायचा नाही, ही वेंडेलची शिस्त. बुडबुडा सरळ नळीच्या उजव्या टोकाला जाऊन काचेला चिकटला. रुबेनने पाणसळ झटकन उचलली.

"जुनी गाडी, मास्तर. फरशी बसते."

"दे इकडे."

वेंडेलने ती पुन्हा फरशीवर ठेवली. मग ओट्यावर ठेवली. मग टेबलावर, मग बिछान्याच्या कठड्यावर, मग दाराच्या उंबऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी तो गुडघ्यांवर बसून उजवा डोळा नळीला टेकवून बघत होता. बसायला त्रास होत होता, उठायला जास्त. बुडबुडा प्रत्येक ठिकाणी उजव्या टोकाला. मग तो पायऱ्या उतरून बाहेरच्या कोपऱ्यापाशी गेला. तिथे चिकटवलेल्या छोट्या पाणसळीखाली त्याने मोठी धरली. छोटीतला बुडबुडा बरोबर मध्यावर होता. मोठीतला नव्हता.

छोटी पाणसळ नवी होती. जुनी उन्हाने निसटून पडली, म्हणून त्याने ऑक्टोबरात निघण्यापूर्वी मिनेसोटात ही चिकटवली. चिकटवण्याआधी ट्रेलर नीट सरळ करून घ्यावा लागतो. आर्लिस म्हणाली होती, शेजारच्या सुताराला बोलव. तो म्हणाला होता, एकतीस वर्षं झाली, माझ्या नजरेपेक्षा सरळ काय असणार आहे? त्याने नजरेने ट्रेलर सरळ केला आणि पाणसळ चिकटवली. त्यानंतर सहा महिने, जिथे जिथे थांबला तिथे तिथे, त्याने अतिशय काळजीपूर्वक, फळी बोट बोट सरकवत, ट्रेलर वाकडा उभा केला होता.

रुबेन मागे येऊन उभा राहिला होता. "उन्हाने सरकली असेल."

"सरकली नाही. मी चिकटवली."

"गोंद हल्ली..."

"रुबेन, मी तुला खोटं बोलायला कधी शिकवलं होतं?"

"नाही मास्तर. ते मी घरी शिकलो."

चुय हसला. त्या दिवसभरात त्याने काढलेला तो एकच आवाज.

त्यानंतर काम भराभर झालं. नवा फ्रीज खिडकीतून आत आला, कोनाड्यात बसला, पिन खोचली आणि त्याने गुरगुरायला सुरुवात केली. रुबेनने त्याच्या डाव्या पायाखाली लाकडी पाचर मारून त्याच्यापुरता बुडबुडा मध्यावर आणून ठेवला. आता राहिली दाराची कडी. ट्रेलर रस्त्यावर हिंदकळताना दार उघडून दूध-अंडी खाली येऊ नयेत म्हणून लावतात ती. रुबेनने ती आणलीच नव्हती. तुम्ही आता इथेच राहणार ना, मग कशाला, असं तो म्हणायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. वेंडेल बाहेर गेला, जुन्या फ्रीजच्या दारावरची कडी काढून घेऊन आला आणि नव्याच्या पांढऱ्या दारावर धरली. रुबेनने भोकं पाडली. पेच मात्र वेंडेलने आवळले. पेचकसाचं टोक खाचेत रुबेनने धरून दिलं.

जुना फ्रीज टेम्पोत चढवताना चुयने तो आडवा करायला घेतला.

"आडवा करू नकोस," वेंडेल म्हणाला. "आतलं पाणी फिरतं."

तो फ्रीज सरळ भंगारात जाणार होता. रुबेनने चुयच्या हातातून दोर घेतला, फ्रीज उभा केला आणि चारही बाजूंनी बांधला. टेम्पो खडीवरून हळूहळू गेला, आणि वळणावर फ्रीज दिसेनासा होईपर्यंत उभाच होता.

चार वाजता आर्लिस डबी घेऊन परत आली. वेंडेलने बाहेर दोन खुर्च्या टाकल्या होत्या. वाळवंटातलं कडं केव्हाच पांगलं होतं. सगळे आपापल्या उत्तरेला निघून गेले होते, आणि पार्कातली माणसं चारला आत पडदे ओढून टीव्ही बघत. तिने आत जाऊन नव्या फ्रीजचं दार उघडलं, डबी ठेवली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली. वेंडेल काही बोलला नाही. मग दार लागल्याचा आणि कडी पडल्याचा आवाज आला.

"घोरतो हा," बाहेर येऊन बसत ती म्हणाली.

"हो."

"तू घोरतोस त्यापेक्षा बरा आहे."

वेंडेलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नवरा टोपी काढतो ते दोनच वेळी, जेवताना आणि कोणी गेल्यावर, हे माहीत असल्यामुळे आर्लिसने त्याच्याकडे वळून पाहिलं.

"दार उघडं ठेवल्याने नाही झालं," तो म्हणाला. "गाडी कललेली होती. मीच कललेली लावत होतो. मला दिसत नाही, आर्लिस. तुझं इन्सुलिन मी नासवलं."

फ्रीज आत थांबला. मग दोघांनाही इतकं शांत वाटलं, की काहीतरी बोलणं भाग झालं.

"मला माहीत होतं," आर्लिस म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कललंय ते. मटार. ताटातले मटार सारखे एकाच कडेला जाऊन बसायचे. ऑक्टोबरपासून. पॅनकेकचं पीठही तिकडेच. गोळ्या टेबलावर ठेवल्या की गडगडत तुझ्याकडे."

"मग बोलली का नाहीस?"

आर्लिसने विचार केला. तिला खरंच आठवून बघावं लागलं.

"तू खाली वाकून बघायचास आणि म्हणायचास, मध्यावर. मला वाटलं, तुझा बुडबुडा बरोबर असेल. मटारच चुकत असतील."

वेंडेलने टोपी घातली, पुन्हा काढली.

"मी सगळ्यांना सांगितलं, तू दार उघडं ठेवतेस म्हणून. सगळ्यांसमोर."

"ते ठेवायचेच मी. उकडायचं."

"तसं नाही." तो म्हणाला, उद्या एकेकाला फोन करतो, अकराच्या अकरा जणांना. कर्स्टिनला आज करतो. चूक माझी होती असं स्वच्छ सांगतो. आणि ट्रकच्या किल्ल्या रुबेनला देऊन टाकतो, डोळ्यांचं होईपर्यंत, किंवा कायमच्या. आणि दारात लोक येतील त्यांना सांगतो, की बुडबुडा मेला. ज्या न्यायाधीशाला तो बोलला होता, त्यालाही फोन करणार होता. न्यायाधीश वारून पाच वर्षं झाली होती, हे त्याच्या लक्षात नव्हतं. एकतीस वर्षांचा एकेक दिवस तो उलटा उसवत चालला होता, आणि आर्लिस मध्ये मध्ये मान डोलवत होती.

मग तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"ते सगळं कर सावकाश," ती म्हणाली. "पण रुबेन किल्ल्या घेऊन जायच्या आधी त्याला गाडी जरा पुढे घ्यायला सांग आणि डाव्या चाकाखाली अजून एक फळी घाल. ऑक्टोबरपासून मी डोकं खाली आणि पाय वर करून झोपतेय."